सहा दहाचं रीडिंग

आमच्या घरमालकांना सगळे तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे ‘रीडिंग’. मीही तोंडावर काकाच म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते लिहिण्याजोगं नाही.

तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. काम एकच. दर तासाला फेरी मारायची, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराड्याचं तापमान बघायचं आणि लॉगबुकात लिहून सही ठोकायची. वयोमानाप्रमाणे कारखान्याने त्यांना हार घालून घरी पाठवलं, पण फेरी मारायची खोड काही निवृत्त झाली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. काकांबद्दल मला तेवढीही खात्री नाही. सरणावर ठेवल्यावर ते उठून जाळाचं तापमान विचारतील.

मी मूळचा कराडकडचा. इथे दुसऱ्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर पास्थळला काकांचं दोन मजली घर होतं, त्यातला वरचा मजला मी भाड्याने घेतला. पहिल्याच सकाळी दारावर थाप पडली. उघडून बघतो तर काका. अंगात खाकी शर्ट, खिशात निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं, पायांत कंपनीचे सेफ्टी शूज आणि काखेत जाडजूड रजिस्टर.

“गीझर किती मिनटं लावला?”

मला वाटलं, विजेच्या बिलाची कटकट असणार. म्हटलं, “माझं मीटर वेगळं आहे ना?”

“बिलाचं कोण बोलतंय? तुमी फक्त मिनटं सांगा.”

मी अकरा म्हणून ठोकून दिलं. त्यांनी अकरा लिहिलं, वेळ टाकली, सही केली आणि जिना उतरून गेले. पुढे मी रोज तोंडाला येईल तो आकडा सांगत राहिलो आणि ते तो वेदवाक्य असल्यासारखा उतरवून घेत राहिले. त्या आकड्यांचं पुढे काय व्हायचं? काही नाही. रजिस्टर भरलं की कपाटात, आणि दुसऱ्या दिवसापासून नवं.

ओटीवर त्यांनी तीन थर्मामीटर टांगले होते. एक सावलीतला, एक उन्हातला आणि तिसरा या दोघांवर लक्ष ठेवायला. तिघांचं आपसात पटलं नाही की काकांचा दिवस वाया जायचा. गच्चीवरच्या टाकीत रंगाच्या खुणा केलेला बांबू होता. दिवसातून चार वेळा वर जाऊन पाणी मोजायचे. परसातल्या नारळाची झावळी पडली तर कोणत्या झाडाची, किती वाजता, कोणत्या दिशेला, याची नोंद. एकदा नारळ त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर पडला, तेव्हा कळवळत आधी घड्याळ बघितलं आणि मग काकूंना हाक मारली.

काकूंनी या माणसाबरोबर संसार कसा केला हे मला कोडंच आहे. एकदा म्हणाल्या, “आमच्या लग्नात मांडवात माणसं किती जेवली, भात किती शिजला, सगळं लिवलेलं हाय. मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसले होते ते विचारा. ते नाय ठाऊक.” काका शेजारीच बसले होते. त्यांना यात लागण्यासारखं काही आहे असं वाटलंही नाही. “तेव्हा रंगाचा रकाना नव्हता,” ते म्हणाले.

त्यांची दोन ठरलेली वाक्यं होती. “आकडा खोटं बोलत नाय, माणूस बोलतो,” हे एक. आणि दुसरं, “लिवलं नाय ते झालं नाय.” दिवसातून दहा वेळा तरी ही सुभाषितं कानावर यायची. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

एकदा त्यांनी मला आणि शेजारपाजारच्या चौघांना हौसेने केळव्याला नेलं. सुरूच्या सावलीत चटया अंथरल्या, काकूंनी डबे उघडले, भूक तर अशी लागलेली की विचारू नका. तर काका गुडघाभर पाण्यात उभे. भरती पूर्ण होऊन पाणी कधी फिरतं ते बघायचं होतं. ते येईपर्यंत काकू कुणाला वाढेनात. मुंबईहून आलेली माणसं उंटावर बसून फोटो काढत होती आणि शेजारी एक म्हातारा बूट गळ्यात अडकवून समुद्राची हजेरी घेत होता. पाऊण तासाने आम्हाला घास मिळाला.

अशा माणसाच्या अंगणात मी जुनी गाडी आणून उभी केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडी मला हरेशने मिळवून दिली होती. हरेश जवळच्याच, किनाऱ्यावरच्या नवापूरचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करत लहानाचा मोठा झालेला, आणि आता बोईसरच्या रस्त्याला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन गाड्यांची कामं करणारा. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या साहेबलोकांच्या गाड्या त्याच्याकडे असायच्या. ही गाडी केळव्यातल्या एका कुटुंबाची, फारशी न फिरलेली. हरेशने ती माझ्यासमोर चालू केली, सायलेन्सरपाशी हात धरला आणि म्हणाला, “साहेब, हे इंजिन आजवर कोणी खोललेलं नाय. हे तेल पिणार नाय. पिलं तर माझ्या शेडला टाळं लावा.”

पास्थळला पावसात पाणी तुंबतं, म्हणून काकांनी घर कमरेइतक्या उंच जोत्यावर बांधलं होतं आणि फाटकापासून पोर्चपर्यंत सिमेंटचा उतार केला होता. पोर्चमध्ये त्यांची स्कूटर आणि भाताच्या गोण्या. माझ्या वाट्याला उतार आला. गाडीचं तोंड घराकडे, वर. आणि मागची बाजू फाटकाकडे, खाली. चाकामागे दगड. पहिल्याच संध्याकाळी काकांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि चारही चाकांभोवती चौकोन आखले.

“गाडी रोज हितंच लावायची, अशीच. रीडिंगची जागा बदलली की रीडिंगचा सत्यानाश. इंचभर हलता कामा नये.”

“कसलं रीडिंग?”

“तेलाचं. जुनी गाडी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बॉनेट उघडल्याचा आवाज आला. सहा दहाच का, तर सहाला पाळी बदलते आणि दहा मिनिटं चार्ज घेण्यात जातात. पाळी कुणाची, चार्ज कुणाकडून, हे विचारायचं नाही. मी खाली गेलो. काकांनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढली होती, ती फडक्याने पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि तिला स्टीलची फूटपट्टी लावली.

“तेल कमी हाय. खालच्या खुणेच्या जरा वर.”

“कालच हरेशने भरून दिलंय.”

“पट्टी बगा ना. मी बोलत नाय, पट्टी बोलते.”

पट्टी खरंच तसं बोलत होती. त्यांनी वरच्या खुणेपर्यंत तेल ओतलं आणि लिहिलं. दोन-चार दिवसांत गाडी सकाळी चालू केली की मागून निळसर धूर यायला लागला, आणि पट्टीवरची खूणही हळूहळू उतरायला लागली. काका पुन्हा ओतायचे, पुन्हा लिहायचे. माझ्या गाडीसाठी त्यांनी स्वतंत्र रजिस्टर काढलं. तारीख, वेळ, पातळी मिलिमीटरमध्ये, ओतलेलं तेल, धुराचा रंग, शेरा, सही. माझ्या लॅबमध्येही इतकी स्वच्छ रजिस्टरं नसतात.

मग तपासण्या सुरू झाल्या. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी तो कोरडा, म्हणजे गळती नाही. रेडिएटरचं पाणी बघितलं. त्यात तेलाचा तवंग नाही, म्हणजे तेल पाण्यात जात नाही. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल धरला, त्यावर तेलाचे डाग आले. प्लग काढून बघितले, तेही तेलकट निघाले. शेवटी त्यांनी बोटावर थेंबभर तेल घेऊन हुंगलं, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता हा माणूस चाटूनही बघणार. तेवढं मात्र केलं नाही.

“इंजिन पितंय. रिंगा गेल्यात,” त्यांनी निकाल दिला. “पिस्टनच्या. पोऱ्यानं तुमाला फसवलं.”

प्रत्येक तपासणी रीतसर, प्रत्येक निष्कर्ष बरोबर. पुस्तकात असंच दिलेलं असतं. पहिल्या दिवशी या गाडीला धूर नव्हता, हे मला आठवत होतं. पण ते रजिस्टरमध्ये नव्हतं, कारण धुराचा रकाना नंतर आला. आणि मी क्यूसीचा माणूस; लिहिलेल्या आकड्यापुढे आठवणीची काय किंमत?

आता काय करावं म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, “गाडी त्याच्या हाती देऊ नका. दिली तर पुरावा गेला. वही न्या.”

मी वही नेली. आजही हे लिहिताना अंगावर काटा येतो. गाडीची तक्रार घेऊन मी मेकॅनिककडे पायी गेलो, काखेत रजिस्टर मारून, साहेबाच्या तोऱ्यात.

हरेश एका गाडीखाली आडवा होता. सरपटत बाहेर आला, हात पुसले आणि माझ्या मागे रस्त्यावर बघायला लागला.

“गाडी कुठं हाय साहेब?”

“घरी. हे बघ, रोजच्या नोंदी आहेत.”

त्याने पान उलटलं, दुसरं उलटलं. “नोंदी बरोबर असतील. पण वहीचं बॉनेट कसं उघडू मी? गाडी आणा. एक दिवस हितं ठेवा, सकाळी मी बगतो. मी पळून नाय जात.”

“आता बघायचं काय राहिलंय? शेडला टाळं लावा म्हणाला होतास ना?”

शेडमध्ये आमच्याच कारखान्यातले दोघं गाडीसाठी थांबले होते. ते ऐकत होते म्हणून माझा आवाज आणखी चढला. हरेशने रजिस्टर बंद केलं, त्याला लागलेला काळा अंगठा फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिलं.

त्याच दुपारी मी रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘या मेकॅनिकपासून सावध राहा. पुरावा सोबत जोडला आहे.’ नुसतं लिहिलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण ती पानं! रकाने, मिलिमीटर, रोजची तीच वेळ, रोजची सही. कुणाचाही विश्वास बसावा अशी पानं होती ती. आमच्या साहेबांनी तर मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं: बोलायचं तर असं, आकड्यांनिशी. मी मान खाली घालून हसलो, लाजल्यासारखा.

महिनाभरात हरेशच्या शेडपुढच्या गाड्या दोनावर आल्या, मग एकावर, आणि एका सोमवारी शेडला टाळं दिसलं. तो नवापूरला परत जाऊन होड्यांची कामं करतोय असं कळलं. मला काही वाटलं नाही. उलट आपण चारजणांचं नुकसान टाळलं अशा थाटात मी हिंडत होतो. गाडी मी पालघरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या टायवाल्या मॅनेजरने धूर बघितला, रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, आता तपासायचं काय, इंजिन खोलू. सामान यायला पंधरा दिवस लागणार होते, तोवर गाडी मी परत आणून उतारावर लावली.

त्या पंधरा दिवसांत काकांच्या भाचीचं लग्न आलं, माकुणसारला. हळदीला म्हणून आदल्या दिवशी आम्ही सगळे माझ्याच गाडीतून गेलो. घरामागे सारवलेलं खळं होतं, ताटलीसारखं सपाट. गाडी तिथे लावली.

सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो, तर मांडवात गाणी चाललेली आणि काका बॉनेट उघडून उभे. सहा दहा. भाचीच्या लग्नातही सुटका नाही. मी काहीतरी टोमणा मारणार होतो, पण त्यांच्याकडे बघून थांबलो. त्यांच्या हातात पट्टी होती आणि रजिस्टर मिटलेलं होतं. त्यांनी पट्टी पुसली, घातली, काढली. पुन्हा पुसली, घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

“कोणी ओतलं काय तेल?” त्यांनी विचारलं.

“कोण ओतणार इथे?”

काकांनी बॉनेट लावलं. लग्नात जेवले, अक्षता टाकल्या, पण रजिस्टर उघडलं नाही. पास्थळला आल्यावर शेजारच्या गवंड्याकडून त्यांनी लेव्हल बघायची पाण्याची नळी आणली आणि उतारावर पिवळ्या चौकोनांमध्ये धरली. पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा वीतभरापेक्षा जास्त वर होती. काका तिथेच सिमेंटवर बसले.

“तेल उतारानं मागं जातं,” ते म्हणाले. “पट्टी हाय पुढं. पट्टीला कमीच दिसणार. मी वरनं ओतत राहिलो. जास्तीचं तेल फेसाळतं, इंजिन ते श्वासाच्या नळीतनं वर वढतं नि जाळतं. जेवढं जास्तीचं तेवढं जाळलं की पुन्हा पट्टी खाली. म्हंजे पुन्हा मी ओतलं.” त्यांनी नळीतलं पाणी ओतून टाकलं. “इंजिन चांगलं हाय. पीत नव्हतं. मी पाजत होतो.”

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. इतके दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात मूर्ख म्हणत होतो, त्याच्या मूर्खपणाचा लेखी पुरावा हाती आला होता. आयुष्यभर पातळ्या मोजलेला माणूस, आणि जमीन सपाट आहे का एवढं बघायचं राहिलं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी खो खो हसलो. काकूही ओटीवरून हसल्या.

“हरेशचं काय?” काका म्हणाले.

माझं हसू तिथेच आटलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही. फाशीचा दोर काकांनी वळला होता हे खरं, पण गळ्यात अडकवला होता मी. मी काकांना समजावलं, जास्तीचं तेल काढून टाकू, गाडी दुसऱ्या जागी लावू, विषय संपला. लोक विसरतात. पुन्हा उकरून काय मिळणार?

“विसरतील कसे? लिवलंय तुमी. लिवलेली चूक मिटवायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे अशी. शेजारी बरोबर काय ते लिवायचं. सही करायची. तुमच्या लॅबमदी असंच करतात ना?”

असंच करतात. मी दर आठवड्याला नव्या माणसांना हेच शिकवतो.

रविवारी आम्ही नवापूरला गेलो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीचं इंजिन हरेश उघडून बसला होता. भोवती होडीवाले, पलीकडे मासळी वाळत घालणाऱ्या बायका. मी गाडी रस्त्यावरच थांबवली आणि म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, मी गाडी नीट लावून येतो.” तिथे गाडी लावायला आख्खा किनारा मोकळा होता.

काका सेफ्टी शूज घालून वाळूतून गेले. दर पावलाला बूट रुतत होते. मी काच जरा खाली केली. त्यांनी हरेशपुढे रजिस्टर उघडलं आणि बॉयलर हाउसमधल्या गोंगाटात बोलायची सवय असलेल्या आवाजात म्हणाले, “पोरा, रीडिंग चुकीच्या जागी घेतलं. चूक घेणाऱ्याची, म्हंजे माझी. तुझं इंजिन बरोबर हाय.” मग होडीच्या कडेवर रजिस्टर ठेवून त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्या तारखेपासून सुरुवात केली. नोंद मोठ्याने वाचायची, रेघ मारायची, शेजारी ‘जागा उताराची, रीडिंग रद्द’ लिहायचं, सही.

होडीवाले हसायला लागले. एक म्हातारी टोपली टाकून जवळ आली आणि म्हणाली, “काय रं, येडा हाय काय हा?” काका पुढची तारीख वाचत होते. उन्हाने टाळू तापली होती.

“काका, बस झालं,” हरेश म्हणाला. “कळलं मला.”

“थांब. अजून एकवीस हाईत.”

एकवीसच्या एकवीस झाल्या. तोवर सगळ्यांचं हसणं थांबलं होतं. मी सगळं काचेआडून बघितलं. दाराच्या कडीवर माझा हात होता, पण कडी काही मी ओढली नाही.

मग हरेशच गाडीपाशी आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्याने म्हटलं, “उतरा साहेब, जास्तीचं काढून टाकतो.” सपाटीवर घेऊन त्याने खालचा नट सैल केला, डब्यात तेल काढलं, पट्टी बघितली, इंजिन चालू केलं. थोडा वेळ धूर आला आणि मग थांबला. झालं, एवढंच होतं ते. हात पुसत तो म्हणाला, “साहेब, ग्रुपवर एवढंच लिवा, गाडी बरी हाय, हरेशची चूक नव्हती. पावसाळ्यानंतर शेड परत घ्यायचा विचार हाय. लोक आले तर घेता येईल.”

“आजच लिहितो,” मी म्हणालो.

संध्याकाळी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं. ज्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं, तेच माझ्या बढतीच्या कागदांवर सही करणार होते. आकड्यांचा माणूस म्हणून माझं नाव झालं होतं. उतारावर तेल मोजलं आणि एका माणसाचा धंदा बुडवला, हे कोणत्या तोंडाने लिहू? मग वाटलं, निदान जुना मजकूर काढून टाकावा. त्यावर बोट दाबून धरलं, तर फोन म्हणाला, आता फक्त तुमच्यापुरता काढता येईल. मी माझ्यापुरता काढला. बाकी सगळ्यांच्या फोनवर तो आहे.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला दारावर थाप.

“लिवलं?”

“हो.”

“दाखवा.”

मी फोन खिशात सारला. काकांनी रजिस्टरमध्ये ‘नाय’ लिहिलं, सही केली आणि गेले. रोज हेच. लिवलं? नाय. सही. गीझर विचारायचे बंद झाले, झावळ्या पडत राहिल्या, बांबूच्या खुणा शेवाळल्या. त्यांच्याकडे एकच रकाना उरला होता आणि तो माझ्या नावाचा होता. मी चिडलो, ओरडलो, एकदा तर दार त्यांच्या तोंडावर आपटलं. बाहेरून पेनाचा आवाज आला.

मी लिहीत नाही म्हटल्यावर ते एके दिवशी आमच्या कारखान्याच्या गेटवर येऊन उभे राहिले. पाळी सुटायची वेळ. रजिस्टर उघडून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “हरेशचं इंजिन बरोबर हाय, रीडिंग चुकलं, घेणारा मी.” सिक्युरिटीने दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं, तर तिथून सांगायला लागले. माझ्याबरोबरचे लोक म्हणाले, “हा तुमचा घरमालक ना? डोक्यावर परिणाम झालाय वाटतं.”

“पहिल्यापासूनच आहे,” मी म्हणालो, आणि त्यांच्याबरोबर हसलो.

त्याच महिन्यात मी पास्थळचं घर सोडून पालघरला राहायला आलो. पावसाळा संपला. हरेशच्या शेडमध्ये आता कुणीतरी प्लास्टिकच्या टाक्या विकतो. बढती मला मिळाली.

कँटीनमध्ये जेवताना मी काकांच्या गोष्टी सांगतो. गीझरची मिनिटं, तीन थर्मामीटर, केळव्याचा समुद्र, सहा दहाचं बॉनेट. नकलाही बऱ्या जमतात मला. लोक पोट धरून हसतात. मी माकुणसारच्या अलीकडे थांबतो. हे लोक ग्रुपवरचे जुनेच आहेत, त्यांना पुढचं विचारायचं सुचत नाही.

परवा लॅबमध्ये नव्याने लागलेली एक मुलगी आमच्या टेबलावर होती. सगळे हसले, तीही हसली, आणि मग म्हणाली, “पण सर, ती गाडी खरंच तेल पीत होती का? त्या मेकॅनिकचं काय झालं?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“जेवण झालं की सांगतो,” मी म्हणालो.

जेवण झालं. मी हात धुवायला उठलो आणि बेसिनशेजारच्या दाराने परस्पर लॅबमध्ये निघून गेलो.